‘काही लागत नाही’ म्हणे! – देशी रानफुलांच्या सल्ल्याची एक तपासणी

पर्यावरणाचा विषय निघाला की हल्ली एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो. ‘परदेशी फुलझाडे सोडा, देशी रानफुले लावा. त्यांना पाणी लागत नाही, खत लागत नाही, निगा लागत नाही.’ पत्रकांत हा सल्ला असतो, भाषणांत असतो, शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारातही तो अधूनमधून डोकावतो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण विज्ञानाच्या शिक्षकाने हेतूबरोबर विधानही तपासायला हवे. कारण या सल्ल्यावर विसंबून लावलेली रोपे मेली, तर मुले त्यातून एकच गोष्ट शिकतात: झाड लावणे म्हणजे फोटो काढणे, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात दुसरे रोप लावणे.

ही तपासणी जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांसाठी करू या. धुळे शहराच्या परिसरात वर्षाला सरासरी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, जळगावकडे सुमारे ७००. त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर जाणे ही काही नवलाची बातमी नव्हे. तापीकाठी खोल काळी जमीन, तर डोंगरउतारावर वीतभर मुरूम आणि त्याखाली खडक. ‘कमी पाण्यावर वाढणारे देशी, बहुवर्षायू फूल’ खरोखर कोठे हवे असेल तर ते इथे.

पुस्तके काय सांगतात?

बागकामाचे आपले ज्ञान कोठून आले ते आधी पाहू. इंग्रजी अमदानीत फर्मिंजर या पाद्र्याने बंगाल व उत्तर हिंदुस्थानसाठी बागकामाची एक पुस्तिका लिहिली. ती १८६०च्या दशकात निघाली आणि तिच्या आवृत्त्या पुढे कित्येक वर्षे निघत राहिल्या. पुण्याच्या गणेशखिंड बागेशी संबंधित असलेल्या वुड्रो यांचे ‘गार्डनिंग इन इंडिया’ हे पुस्तक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. वुड्रो पुण्यात बसून लिहीत होते, त्यामुळे दख्खनच्या हवेचे भान त्यांना फर्मिंजरपेक्षा अधिक असणे साहजिक होते. पण या परंपरेतली बाग म्हणजे मुख्यतः बंगल्यापुढची बाग. पाणी द्यायला माळी आहे, विहिरीला पाणी आहे, हे त्यात गृहीतच धरलेले. वाफा, शेणखत, रोज संध्याकाळी झारी, हिवाळ्यात हंगामी फुले हे वळण आपल्या बागांना या परंपरेने लावले. ते अजून सुटलेले नाही.

दुसऱ्या फळीवर वनस्पतींचे कोश आहेत. थिओडोर कुक हे मूळचे अभियंता, पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. त्यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने तो १९५८मध्ये पुन्हा छापला. आजही अभ्यासकाला तो लागतोच. पण कुकच्या नोंदी कोकण, दख्खन, गुजरात, सिंध अशा मोठ्या विभागांच्या. खानदेशच्या शिक्षकाला आपल्या तालुक्यापर्यंत पोहोचायला आणखी शंभर वर्षे थांबावे लागले. डी. ए. पाटील यांचा धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरचा ग्रंथ २००३मध्ये आला आणि क्षीरसागर व पाटील यांचा जळगाव जिल्ह्यावरचा २००८मध्ये. हे मोठे काम आहे. आपल्या जिल्ह्यात नेमके काय उगवते, याचे उत्तर आता अंदाजाने द्यावे लागत नाही.

तिसरी फळी औषधी वनस्पतींच्या पुस्तकांची. मुळी कशावर, पाला कशावर, हे त्यांत असते.

आता अडचण लक्षात येईल. बागेची पुस्तके वाढवायचे कसे ते सांगतात, पण मुख्यतः बाहेरून आलेल्या झाडांविषयी. कोश रानातल्या झाडांविषयी सांगतात, पण वाढवायचे कसे हे सांगणे त्यांचे कामच नाही. औषधाची पुस्तके झाड उपटल्यानंतरचे सांगतात. या तिन्हींच्या मधल्या रिकाम्या जागेत ‘काही लागत नाही’ हे वाक्य येऊन बसले आहे. माहिती नसली की तिची जागा घोषणा घेते.

दोन शब्दांची गल्लत

या घोषणेतली पहिली चूक तर्काची आहे. ‘देशी’ आणि ‘दुष्काळाला टिकणारे’ हे दोन वेगळे गुण आहेत. सदाफुली मादागास्करची, पण खानदेशातल्या भिंतीच्या फटीतही ती तग धरते. विलायती बाभूळ आणि गाजरगवत अमेरिकेतून आले आणि आपल्या कोरड्या पडीक जमिनी त्यांनी व्यापल्या. उलट तेरडा अगदी आपला, पण पाऊस सरला की तो संपला. म्हणजे देशी असून पाण्यावाचून न टिकणारे झाड असू शकते आणि परदेशी असून टिकणारेही. वर्गात दोन वर्तुळे काढून, एकमेकांना छेदणाऱ्या भागात कोणती झाडे येतात ते मुलांनाच भरायला सांगावे.

‘देशी’ शब्दही वाटतो तितका सरळ नाही. कळलावी घ्या. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, पाकळ्या मागे वळवून ज्वाळेसारखी फुलणारी ही वेल. ती तामिळनाडूचे राज्यफूल आहे आणि आफ्रिकेतल्या झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूलही! तिचा नैसर्गिक विस्तारच आफ्रिकेपासून आशियापर्यंत आहे. झाडाला राज्याच्या सीमा ठाऊक नसतात. कोकणातले झाड महाराष्ट्राचे म्हणून धुळ्याला ‘देशी’ ठरत नाही. आपल्या पावसाचे आणि आपल्या मातीचे ते आपले, अशी व्याख्या करणे जास्त उपयोगाचे.

दुष्काळाशी वागण्याच्या तीन रीती

दुसरी चूक जीवशास्त्राची आहे. ‘दुष्काळाला टिकणारे’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

काही वनस्पती दुष्काळ चुकवतात. तेरडा बीच्या रूपाने चुकवतो, कळलावी जमिनीखालच्या कंदाच्या रूपाने. पावसाळा संपला की कळलावीचा वरचा वेल वाळतो, कंद झोपी जातो आणि पुढच्या जूनमध्ये कोंब काढतो. दुष्काळाशी तिची गाठच पडत नाही.

काही वनस्पती दुष्काळ टाळतात. त्या वर हिरव्या असतात, पण पेशींपर्यंत कोरड पोहोचू देत नाहीत. खोल सोटमूळ, बारीक पर्णिका, मेणचट पान ही त्यांची साधने. तरवड आणि रुई या गटातल्या.

काही थोड्या वनस्पती मात्र खरोखर दुष्काळ सोसतात. त्यांच्या पेशी वाळतात, तरी मरत नाहीत. जुन्या भिंतींवर आणि कातळाच्या फटींत दिसणारे मयूरशिखा हे छोटे नेचे उन्हाळ्यात कोळपून गुंडाळते आणि पाऊस पडला की पुन्हा उलगडते.

हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. पाणी कधी द्यायचे हे त्यावरच ठरते. झोपलेल्या कळलावीच्या कुंडीत कोणी कळवळ्याने एप्रिलमध्ये पाणी ओतले तर कंद कुजतो. तिला उन्हाळ्यात ‘पाणी लागत नाही’ एवढेच नव्हे, पाणी चालतच नाही. तरवडाचे उलट आहे. त्याचे मूळ खोल जाईपर्यंत तो इतर कोणत्याही रोपासारखाच कोवळा असतो. पहिल्या उन्हाळ्यात पाणी दिले नाही तर तो मरतो आणि मग दोष ‘देशी झाडां’वर येतो. टिकण्याची शक्ती झाडाच्या जातीत असते हे खरे, पण ती वापरात यायला त्या रोपाला एक वर्ष द्यावे लागते.

तरवड: परीक्षेत उतरणारे झाड

बहुवर्षायू, पिवळ्याधमक फुलांचे, माळावर आणि रस्त्याच्या कडेला वाढणारे तरवडाचे झुडूप खानदेशातल्या मुलांना दाखवायला लांब न्यावे लागत नाही. त्याच्या सालीत टॅनिन भरपूर असते, म्हणून चामडे कमावण्यासाठी ती पूर्वापार वापरली गेली. महाराष्ट्राच्या काही भागांत नवरात्रात घटाला तरवडाच्या फुलांची माळ घालतात. शेजारच्या तेलंगणात ते राज्यफूल आहे आणि बतुकम्मा उत्सवाच्या फुलांच्या राशीत त्याला मानाचे स्थान आहे. इतके असून आपल्या बागेत मात्र ते नसते, कारण ते फुकट मिळते!

लिनियसने १७५३च्या आपल्या ग्रंथात याला कॅसिया ऑरिक्युलाटा असे नाव दिले. कुकच्या ग्रंथातही ते कॅसियाच आहे. नव्या पुस्तकांत सेन्ना ऑरिक्युलाटा असे आढळेल. झाड एकच, हे लक्षात ठेवावे.

लागवड अशी. हिवाळ्यात आणि त्यानंतर चपट्या शेंगा वाळून तपकिरी होतात, तेव्हा त्या रस्त्याकडेच्या झाडांवरून गोळा कराव्यात. सगळ्या शेंगा ओरबाडू नयेत. बियांचे कवच कठीण असते, पाणी आत जात नाही. म्हणून पेरणीपूर्वी बी पॉलिश पेपरवर हलके घासावे आणि रात्रभर पाण्यात भिजवावे. काही बिया न घासता तशाच पेराव्यात आणि दोन्हींत किती उगवल्या ते मोजावे. ‘सुप्तावस्था’ हा शब्द मग पाठ करावा लागत नाही.

पाऊस लागल्यावर बी शक्यतो कायमच्या जागीच पेरावे. सोटमूळ लवकर खाली जाते, त्यामुळे मोठे रोप उपटून लावले तर दगावण्याचा संभव अधिक. जमीन काळी आणि पाणी धरणारी असेल तर मुरूम मिसळून वीतभर उंचवटा करावा. शेणखताची घाई नको. जास्त खताने कोवळी पालेदार वाढ होते आणि त्या वाढीला पाणीही जास्त लागते. पावसाळा संपल्यापासून पहिला उन्हाळा सरेपर्यंत आठवड्याला एकदा, पण खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. रोज थोडे शिंपडल्याने मुळे वरच राहतात. दुसऱ्या वर्षापासून पाणी कमी करत बंद करावे. गुरे तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपण नसलेल्या शाळेतही त्याचा निभाव लागतो.

हे झाड शिकवायलाही उत्तम. फुलातले पुंकेसर सारखे नसतात: काही मोठे, काही मधले, काही वांझ. परागकोश उभे चिरत नाहीत, त्यांच्या टोकाला छिद्र असते. मोठा काळा भुंगा फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ पडावे तसे पराग बाहेर पडतात. त्या वेळी गुंजारवाचा आवाज बदललेला कानाला कळतो. फुलात मध नसतो, भुंगा येतो तो परागासाठीच.

पाठ्यपुस्तकातल्या एका सरधोपट समजुतीलाही तरवड धक्का देतो. शेंगा येणाऱ्या झाडांच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू नत्र स्थिर करतात, असे आपण शिकवतो. सेन्ना या प्रजातीच्या मुळांवर अशा गाठी नसतात. वाफ्यातली जादा रोपे उपटाल तेव्हा तरवडाचे मूळ आणि शेजारच्या शेतातल्या तुरीचे मूळ धुऊन शेजारी शेजारी ठेवा. नियमाला अपवाद असतो हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले बरे.

एक सूचना. तरवडाची पाने कुरतडलेली दिसली की फवारणीचा पंप काढू नये. पिवळसर-पांढऱ्या कॅटॉप्सिलिया फुलपाखरांच्या अळ्या याच पानांवर वाढतात. देशी झाड लावण्याचे खरे समर्थन इथे आहे. पाणी तर सदाफुलीनेही वाचते, पण इथल्या भुंग्याशी आणि फुलपाखराशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते असलेले झाड वेगळेच. पाने अखंड हवी असतील तर फुलपाखरे मागू नयेत.

कळलावी: सुंदर, पण शाळेत नको

सौंदर्यात कळलावीपुढे तरवड फिका पडेल. तिच्या पानाच्या टोकाचाच ताणा होतो आणि त्याने ती आधार धरते. फूल आधी हिरवट-पिवळे, मग केशरी, मग लाल होत जाते. ती शाळेच्या वेळापत्रकाशीही छान जुळते: जूनमध्ये उगवते, कानबाईच्या सणाच्या सुमारास बहरते, आखाजीला माहेरवाशिणी येतात तेव्हा जमिनीखाली निवांत असते.

तरीही शाळेच्या आवारात ती लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसीन हे तीव्र विष असते. कंद रताळ्यासारखा दिसतो आणि तसा समजून खाल्ल्याने माणसे मेली आहेत. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, म्हणून सुरुवातीला धोका कळत नाही. त्यानंतर एकेक अवयव निकामी होऊ लागतो. चुकून तोंडात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. बाळंतपणाच्या कळा लवकर याव्यात म्हणून हा कंद वापरण्याची जुनी समजूत तिच्या नावाशी जोडली जाते. असा वापर जिवावर बेतू शकतो हे मोठ्या मुला-मुलींना सांगितलेच पाहिजे.

हेच कोल्चिसीन मोजक्या मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर, गाउटवर, औषध आहे. पेशीविभाजनात गुणसूत्रे ओढणारे तंतू ते बनू देत नाही. म्हणूनच १९३०च्या दशकापासून वनस्पतींची गुणसूत्रे दुप्पट करण्यासाठी संशोधक ते वापरत आले आहेत. तामिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती होते. पण ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ या समजुतीचा यापेक्षा चांगला प्रतिवाद क्वचितच सापडेल.

लहान मुले नसलेल्या घरी, कुंपण असलेल्या परसबागेत ती जरूर लावावी. कंद आडवा, दोन-तीन इंच खोल, मुरमाड मातीत, हातमोजे घालून. कंदाचे कोंबाचे टोक फार नाजूक असते, ते मोडले तर तो कंद गेला. मात्र कंद आणायचा तो वाढवलेल्या झाडाचा. सातपुड्यातून खणून आणणे म्हणजे बागेत एक झाड वाढवण्यासाठी रानातले एक कमी करणे. यावल किंवा अनेर धरण अभयारण्यातून रोप उपटणे तर कायद्यानेही गुन्हा आहे. ‘देशी लावा’ असे सांगणारी पत्रके ‘कोठून आणू नका’ हे सांगायला विसरतात. मला ती या सल्ल्यातली सर्वांत मोठी त्रुटी वाटते.

हिशेब आणि प्रयोग

शेवटी पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे धुळ्यात एवढ्या वाफ्याला आकाशातून वर्षाला सुमारे ६०० लिटर मिळते. आता त्याच वाफ्यात उन्हाळाभर हिरवे ठेवायचे झाड आहे असे धरा. १ फेब्रुवारी ते १५ जून दिवसाआड १५ लिटरची एक बादली दिली तर साधारण ६७ बादल्या होतात, म्हणजे १००० लिटर. वर्षभराच्या पावसापेक्षा जास्त! टँकरच्या गावात हे पाणी कोणाच्या तोंडचे असेल, याचा विचार बाग आखतानाच करायला हवा. शिवाय मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, ती बादली ओतणार कोण?

तारखेचाही विचार करावा. ५ जूनच्या पर्यावरणदिनी खानदेशात बहुधा पाऊस पोहोचलेला नसतो. त्या दिवशी सभा घ्यावी, बिया घासाव्यात, आळी खणावीत. पेरणी पाऊस लागल्यावर करावी.

यंदा आठवी-नववीच्या वर्गाने तीन वाफे करून पाहावेत. पहिल्यात तरवड, पहिला उन्हाळाभर आठवड्याला पाणी. दुसऱ्यात तरवड, पावसाळ्यानंतर पाणी बंद. तिसऱ्यात सदाफुली, पावसाळ्यानंतर पाणी बंद. प्रत्येकात सारखीच रोपे, सारखीच माती. १ नोव्हेंबर, १ मार्च आणि १५ जून या तीन दिवशी जिवंत रोपे मोजावीत आणि दिलेल्या बादल्यांची नोंद ठेवावी. फुलांवर दहा मिनिटांत किती कीटक आले तेही लिहावे. सुट्टीतल्या पाण्याची पाळी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांत वाटून द्यावी. वही पुढच्या वर्गाकडे सोपवावी, कारण तरवडाला खरोखर किती कमी पाणी पुरते ते दुसऱ्या उन्हाळ्यातच कळेल.